खालच्या ओळी

मालक कागद घेऊन आले तेव्हा ज्याला सगळे वाचक म्हणत तो गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता. पहाटेपासून तुडवलेली माती आता कुठे लोण्यासारखी झाली होती. अजून दोन घागरी पाणी आणि थोडा भुसा पडला की विटा पाडायला घेता आल्या असत्या. त्याची बायको जवळच्या तळ्यावरून डबे भरून आणत होती आणि खड्ड्याच्या कडेने पाणी सोडत होती. पलीकडे त्यांच्याबरोबर विटा पाडणारा लंबू आणि लंबूची बायको कालच्या कच्च्या विटा उभ्या करून वाळत लावत होते.

"दरवर्षीचंच आहे," मालक म्हणाले. जमीन त्यांची होती, मातीही त्यांची. "हंगामभर माती तुम्हीच काढायची. फक्त खाली एक ओळ वाढवलीय. वाचून घ्या."

वाचक चिखलातून बाहेर आला. त्याने हात धुतले, मांड्यांना पुसले आणि कागद दोन बोटांत धरला. शिक्का वरच्या कोपऱ्यात असतो हे त्याला माहीत होतं, त्यामुळे कागद उलटा धरला जाण्याची भीती नव्हती. मग तो डोळे डावीकडून उजवीकडे नेऊ लागला. घाई नाही, उशीर नाही. मधेच एकदा भुवई वर, मधेच एकदा हलकेच मान. हे सगळं त्याने वर्षानुवर्षं घोटून घोटून बसवलेलं होतं.

बायको रिकामा डबा घेऊन त्याच्या मागून चालली होती. ती थांबली आणि त्याच्या खांद्यावरून कागदाकडे बघितलं.

"अहो, जरा थांबा. शेवटी तळ्याचं काहीतरी..."

लंबूने मान वर केली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या नवऱ्याकडे. वाचकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पुरुषमाणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये," तो मोठ्याने म्हणाला. "शास्त्र कधी वाचलं असतंस तर कळलं असतं."

लंबू खो खो हसला. मालकही हसले. बायको हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि तळ्याकडे चालू लागली. वाचकाने मालकांनी पुढे केलेल्या वहीवर कागद ठेवून सही केली. सही तो लिहीत नसे, काढत असे. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात बायकोनेच ओल्या मातीत काडीने गिरवून ती त्याला शिकवली होती.

त्याला वाचता येत नव्हतं. हे जगात तीन माणसांना माहीत होतं: त्याला, त्याच्या बायकोला आणि एकुलत्या लेकीला. लेकीला कोणी सांगितलं नव्हतं. एका खोलीच्या घरात काय लपतं? सातव्या वर्षी त्याच्या हातात साचा आला आणि शाळा सुटली ती सुटलीच. बायकोचे वडील शाळेत शिपाई होते, म्हणून ती सातवीपर्यंत शिकली. लग्नानंतर चर्चमधले जुने वाचक वारले तेव्हा पाळकसाहेबांनी यालाच पुढे केलं. आवाज खणखणीत, उंची चांगली, प्रार्थना तोंडपाठ. 'मला येत नाही' एवढे तीन शब्द त्या दिवशी घशाशी आले आणि तिथेच बसले. त्यानंतर अठरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी दार लावून बायको बायबल वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि दोनदा ऐकलं की त्याला अक्षर न् अक्षर पाठ व्हायचं. रविवारी तो पुस्तक उघडायचा. पान चुकू नये म्हणून ती त्यात दोरा घालून ठेवायची. लोक म्हणायचे, बघा, पुस्तकात बघावंही लागत नाही याला. हळूहळू त्याचं खरं नाव मागे पडलं आणि लहानथोर सगळे त्याला वाचक म्हणू लागले.

आठवडाभराने तळ्याभोवती तारेचं कुंपण पडलं. वाचक तावातावाने मालकांच्या घरी गेला. मालक ओट्यावर बसून नखं काढत होते.

"तळ्यात मासे सोडतोय," ते म्हणाले. "विटांना आता तळ्याचं पाणी नाही. शेवटच्या ओळीत लिहिलंय की. वाचून सही केलीत ना तुम्ही?"

इथे बोलता आलं असतं. समोर दुसरं कोणी नव्हतं. पण मालक नखावरून नजर उचलून नुसते बघत राहिले आणि वाचकाच्या तोंडून आपोआप निघालं, "हो, हो. माहीत होतं. म्हटलं, एकदा विचारून घ्यावं."

घरी येऊन त्याने बायकोलाही तेच सांगितलं. "मला माहीतच होतं. नदी काय लांब नाही."

ती चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "बरं."

नदी लांब होती. भट्टीच्या जागेपासून उतरत जायचं, बाभळींच्या रांगेतून, आणि शेवटी घसरणीची वाट. जाताना उतार, येताना भरल्या डब्यांनिशी चढ. पाणी आणायचं काम बायकांचं आणि विटा पाडायचं काम पुरुषांचं, हे इतकं जुनं होतं की त्याबद्दल बोलायचीही गरज नव्हती. लंबूने दुसऱ्याच दिवशी बायकोची पाळी अर्धी उचलली. "माझे पाय लांब आहेत, माझ्या चार ढांगा म्हणजे तिच्या आठ," असं म्हणून तो स्वतःच हसला आणि कावड घेऊन गेला. वाचक माती चिकटू नये म्हणून साच्यात वाळू मारत राहिला. चर्चमध्ये लोकांना शास्त्र वाचून दाखवणारा माणूस खांद्यावर पाण्याचे डबे घेऊन चाललाय, हे त्याला डोळ्यांपुढे आणवेना.

ऊन वाढत चाललं. दिवसाला सोळा खेपा, कधी अठरा. पहिल्या आठवड्यात बायको येताना काही ना काही बोलायची: नदीला पाणी किती उरलंय, वाटेत कोण भेटलं. दुसऱ्या आठवड्यात तिचं बोलणं संपलं. तिसऱ्या आठवड्यात ती उजवा खांदा वर काढून चालू लागली. डबे उतरवताना ती तोंडाने श्वास घ्यायची. कावडीखाली तिने जुन्या कपड्याची घडी घातली होती, त्या घडीवर तांबूस डाग दिसायला लागला. वाचकाला तो दिसला. त्याने तो विटेच्या धुळीचा धरून टाकला.

एकदा दुपारी तिला यायला फार वेळ लागला. माती कोरडी पडायला लागली, साच्याला चिकटायला लागली. तो वैतागून नदीच्या वाटेने खाली गेला. बाभळींपाशी पोचला आणि थांबला.

ती घसरणीवर बसलेली होती. डबे कलंडले होते, एक तर थेट पाण्यापर्यंत घरंगळत गेला होता. तिने मान वाकडी करून खांद्यावरचं कापड ओढलं. ते चिकटलेलं होतं. तिने कलंडलेल्या डब्यात उरलेलं पाणी ओंजळीने मारून मारून ते सोडवलं आणि खालची कातडी बघितली. मग तशीच बसून राहिली. रडत नव्हती. माणूस कामावरून आल्यावर अंगणात बसतो तशी नुसती बसली होती.

वाचक झुडपाआड उभा होता. खाली दहा-पंधरा पावलं गेलं की झालं असतं. पण खाली गेलं की कावड उचलावी लागली असती, ती वर आणावी लागली असती, आणि वर लंबू होता. तो पाऊल न वाजवता मागे वळला. जागेवर येऊन साचा धुतला. बऱ्याच वेळाने बायको भरले डबे घेऊन आली तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "केवढा हा वेळ! नदी आटली होती की काय?"

ती म्हणाली, "नाही. आहे अजून पाणी."

त्याच आठवड्यात पाळकसाहेब आले. ते महिन्यातून दोनदा यायचे, पण या वेळी मुद्दाम आले होते, कारण लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा सुतार होता. हसतमुख, बोटांना कायम डिंक लागलेला. लग्न पंधरवड्याने, रविवारी चर्चमध्ये.

"शास्त्रवाचन अर्थात वधूपित्याचं," पाळकसाहेब म्हणाले. ते उलट्या डब्यावर बसले होते आणि रुमालाने वारा घेत होते. "बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं, हा भाग तर तुमचा ठरलेला. आतापर्यंत किती लग्नांत ऐकला असेल आम्ही! पण या वेळी त्याच्या पुढचा वाचा. नवऱ्यांसाठीचा. आणि जावयाला चार शब्द सांगा तुमच्या अनुभवाचे. चांगला नवरा म्हणजे काय ते. तुमच्याइतकं कोण सांगणार?"

"सांगतो की," वाचक म्हणाला. पुढे नवऱ्यांसाठीही काही भाग आहे हे तो त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होता.

लेक विटांच्या रांगेत वाकली होती. ती उठली, पाळकसाहेबांना पाणी दिलं आणि आईबरोबर नदीकडे गेली. जाताना तिने एक कावड आपल्या खांद्यावर घेतली. वाटेत वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या, पण वारा तिकडून इकडे वाहत होता. वाचकाला लेकीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आई, हा तसा नसेल ना गं?"

"कसा?"

"बाबांसारखा."

बायको काय म्हणाली ते वाऱ्याने आणलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला बायकोने नेहमीप्रमाणे दार लावलं आणि पुस्तक मांडीवर घेतलं. लेक शेजारी गेली होती. वाचक भिंतीला टेकून बसला आणि डोळे मिटले.

ती वाचू लागली. आधी बायकांचा भाग आला. तो त्याला पाठच होता. तो संपला तशी सवयीने त्याच्या तोंडात 'बास' आलं आणि त्याने ते गिळलं. ती क्षणभर थांबली होती. तिलाही सवय होती.

"पुढे वाच."

ती पुढे वाचू लागली. नवऱ्याने बायकोवर प्रेम करावं, आणि ते कसं, तर ख्रिस्ताने मंडळीवर केलं तसं. त्याने मंडळीसाठी स्वतःचा जीव दिला. बायको म्हणजे नवऱ्याचं स्वतःचंच शरीर, आणि स्वतःच्या शरीराचा कोणी द्वेष करत नाही. माणूस त्याला खाऊ घालतो, जपतो. ती सावकाश, एका सुरात वाचत होती. बायकांच्या भागापेक्षा हा कितीतरी लांब होता, संपेचना. मग तिने पानं उलटली आणि म्हणाली, "पाळकसाहेबांनी आणखी दोन जागा लिहून दिल्यात." एका जागी लिहिलं होतं, बायकोशी कडवटपणाने वागू नका. दुसऱ्या जागी होतं, तिला समजून घेऊन राहा, तिला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील.

वाचकाने डोळे उघडले.

"प्रार्थना अडतील?"

"असं लिहिलंय."

"हे कुठे होतं इतकी वर्षं?"

"इथेच होतं. खालीच." तिने पानावर बोट ठेवलं. तिच्या नखात माती होती. "तुम्ही वरच्या ओळी झाल्या की बास म्हणायचात."

तो त्या बोटाखाली बघायला वाकला. त्याच्यासाठी तिथे फक्त काळ्या मुंग्यांच्या रांगा होत्या. अठरा वर्षं त्याने त्या वरच्या रांगांचं भांडवल केलं होतं. लंबूच्या लग्नात केलं होतं. शेजारच्या लोहाराच्या बायकोने नवऱ्याला उलट उत्तर दिलं तेव्हा तिला चर्चच्या पायरीवर उभी करून केलं होतं. आणि खालच्या ओळी बायको मनातल्या मनात वाचत होती, एकटी, पुस्तक मिटायच्या आधी.

"परत वाच," तो म्हणाला.

तिने परत वाचलं. त्याने म्हणून बघितलं. 'शरीर' या शब्दापाशी तो अडला. तिने सांगितलं, त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच अडला. दोनदा ऐकून अख्खी स्तोत्रं पाठ करणाऱ्या माणसाला सहाव्यांदाही ती ओळ येईना. ती वाचायला वाकली की तिच्या खांद्यावरचा कपडा ताणला जायचा आणि ती किंचित थांबायची, मग पुढचा शब्द उच्चारायची.

"खूप दुखतंय का?" त्याने विचारलं.

"वाचू ना पुढे?" ती म्हणाली.

सोमवारी सकाळी त्याने कावड उचलली. बायको म्हणाली, "राहू द्या. विटा कोण पाडणार?" तो चालू लागला. लंबूने शीळ घातली. उतारावर ठीक होतं. नदीत डबे भरले आणि उभा राहिला, तशी कावड खांद्यावर अशी चावली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाल जमत नव्हती. डबे हिंदकळत होते, पिंढऱ्यांवर आपटत होते. घसरणीवर त्याला तिच्या पायांच्या खाचा दिसल्या, मातीत कोरलेल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. तो त्यांत पाय ठेवत ठेवत वर चढला. दुपारपर्यंत सहा खेपा झाल्या आणि त्याची कंबर धरली. सातव्या खेपेला बायकोने कावड त्याच्या खांद्यावरून काढून घेतली, आणि त्याने ती काढून घेऊ दिली. याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. मंगळवारी चार, बुधवारी पाच. बाकीच्या सगळ्या तिच्याच.

लग्नाच्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. बाकं पुरली नाहीत, माणसं भिंतींना टेकून उभी होती. लेक आणि सुतार समोर दोन खुर्च्यांवर बसले होते. सुताराने बोटं घासून घासून लाल केली होती, तरी डिंक राहिलाच होता. बायको पहिल्या बाकावर होती, खांदा किंचित वर काढून.

पाळकसाहेबांनी खूण केली. वाचक पुढे गेला. पुस्तक उघडलं. दोरा जागेवर होता. त्याने खाकरून घसा साफ केला, समोर बघितलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली. दुसरी आली. खणखणीत आली. बाकांवरच्या माना डोलल्या. मग तो 'शरीर' या शब्दापाशी पोचला आणि पुढे काही नव्हतं.

त्याने पुस्तकात बघितलं, जणू त्याचा उपयोग होणार होता. मुंग्या. त्याने पान उलटलं, परत पहिल्या पानावर आला. कोणीतरी खोकलं. त्याला वेळ मारून नेता आली असती. अठरा वर्षांत तो त्यात पटाईत झाला होता. चष्मा नाही म्हणता आलं असतं, लेकीच्या लग्नात कंठ दाटला म्हणता आलं असतं. दाटलेला कंठ तर लोकांनी आनंदाने मान्य केला असता. मागच्या एका बाकावर एक बाई डोळे पुसायलाही लागली होती.

त्याची नजर सुतारावर गेली. तो मुलगा पुढे वाकून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होता. खरंच ऐकत होता.

"मला वाचता येत नाही," वाचक म्हणाला.

पाळकसाहेबांना वाटलं, प्रकाश कमी आहे. त्यांनी कोणालातरी खिडकी उघडायला सांगितलं.

"खिडकी नको," वाचक म्हणाला. "मला अक्षरच येत नाही. कधीच आलं नाही. दर शनिवारी ही वाचून दाखवते, मी पाठ करतो. मी तुम्हाला नेहमी बायकांचा भाग सांगितला, कारण मी तेवढाच ऐकायचो. पुढचा मी आत्ता पंधरवड्यापूर्वी पहिल्यांदा ऐकला. तो मला पाठ होत नाही." त्याने पुस्तक पहिल्या बाकाकडे धरलं. "ही वाचेल."

मग मागून एक म्हातारी, जिला कमी ऐकू यायचं, शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "म्हणजे इतके दिवस बायको वाचत होती होय? तरीच म्हटलं, पुस्तक कधी कधी उलटं कसं असतं!"

काही जण हसले. लोहाराची बायको हसली नाही. तिने आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याने छताकडे.

बायको उठली नाही. तिने मान हलवली, बारीकशी, फक्त त्याला दिसेल अशी. नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो पुस्तक पुढे धरून उभा राहिला.

"आई," लेक खुर्चीतून म्हणाली. "वाच ना."

तेव्हा ती उठली. पुस्तक घेतलं, त्याच्याकडे न बघता, आणि जिथे तो अडला होता तिथून पुढे वाचू लागली. आवाज बारीक होता, शनिवारचा, दार लावलेल्या घरातला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून माणसं पुढे सरकली. नवऱ्यांचा सगळा भाग तिने वाचला, दोन्ही जास्तीच्या जागा वाचल्या, कुठेही घाई केली नाही आणि कुठल्याही शब्दावर जोर दिला नाही. वाचक तिच्या शेजारी उभा होता. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. शिक्षा झालेल्या मुलासारखे ते दोन्ही बाजूंना लोंबत होते. जावयाला सांगायचे चार शब्द तसेच राहिले. पाळकसाहेबांनी ते मागितलेही नाहीत.

संध्याकाळी लेक गेली. घर रिकामं झालं. बायको उसन्या आणलेल्या खुर्च्या ओलसर फडक्याने पुसत होती. तो मदतीला गेला, तर तिने खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली.

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"काय?"

"चारचौघांत उभं करायच्या आधी विचारलंत मला? तुम्हाला तुमची लाज उतरवून टाकायची होती, टाकलीत. माझी? अठरा वर्षं दोरा मी घालत होते त्या पुस्तकात. लोक आता म्हणतील, हिने फसवलं आपल्याला. आणि खरंच फसवलं. तुम्ही बोललात, मोकळे झालात. मी मान हलवली ती दिसली होती तुम्हाला."

"दिसली होती."

"मग?"

आज आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरं केलं, असं चर्चपासून घरापर्यंत त्याला वाटत आलं होतं. ते आता पायांखालून सरकलं.

"मी सगळं कबूल केलं," तो पुटपुटला. "सगळ्यांसमोर."

"सगळं?" तिने फडकं पिळलं. "नदीवर पडले होते तेव्हा झुडपामागे उभे होतात. खालून तुमचे पाय दिसत होते. चिखल वाळून पांढरे झालेले. मला वाटलं, आता येतील. मी थांबले होते म्हणून तर बसून राहिले."

वाचक खाली बसला. जमिनीवरच बसला, उंबऱ्याला पाठ लावून. तोंड दोन्ही हातांनी झाकलं. बायको खुर्च्या पुसत राहिली. एक झाली, दुसरी झाली. सगळ्या झाल्यावर तिने फडकं दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "उठा. चूल पेटवायचीय, वाटेत बसलात."

तो उठला. मग विचारलं, "खांद्याला काही लावून देऊ का? विचारतोय. नको असेल तर नको."

तिने चुलीत काटक्या सारल्या, फुंकर मारली.

"हळदीचं तेल फळीवर आहे," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या आधी."

त्याने हात धुतले. दोनदा धुतले. कापड सोडवलं. खांद्यावर दोन बोटं रुंदीचा पट्टा कच्चा, ओला झाला होता, कडांना जुनी खपली. मातीची परीक्षा त्याच्या बोटांना होती. ओल किती, भेग कुठे जाईल, हे तो डोळे मिटून सांगायचा. त्या बोटांनी तो तेल लावू लागला. ती आखडली, पण सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं मालकांकडे गेली. त्याने स्वतःच सांगितलं, कागद न वाचता सही केली होती, आता ही वाचेल. मालकांनी मुकाट्याने कागद आणून दिला. चर्चमधली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिने ओट्यावर उभ्या उभ्या अख्खा कागद मोठ्याने वाचला. त्यात पळवाट कुठेच नव्हती. तळ्याचं पाणी हंगाम संपेपर्यंत बंद, असं स्वच्छ लिहिलं होतं.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. कागदाची घडी घालून परत दिली.

भट्टीच्या जागेवर आल्यावर ती साच्यापाशी जाऊन बसली. तिने साचा धुतला, वाळू मारली, मातीचा गोळा उचलून त्यात आपटला आणि वरून फळी फिरवली. पहिली वीट एका कोपऱ्यात खचली. तिने ती मोडली आणि परत पाडली. वाचक कावड घेऊन नदीवर गेला. लंबू आज शीळ घालत नव्हता, पण बघत होता. त्याची बायकोही बघत होती. पलीकडच्या भट्टीवरचे दोघे-तिघे मुद्दाम बांधावर येऊन उभे राहिले होते.

तो चढ चढून वर आला तेव्हा घामाने निथळत होता. कमरेपासून खाली कपडे ओलेचिंब झाले होते. त्याने डबे तिच्याजवळ उतरवले आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

बायकोने डब्यांत डोकावून बघितलं.

"निम्मं सांडलंत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एवढ्याने मातीचा गारा भिजायचा नाही. परत जा."

बांधावरचे हसायला लागले. वाचकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने डब्यांतलं पाणी खड्ड्यात ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उलटा धरला.

"हो," तो म्हणाला, आणि कावड दुसऱ्या खांद्यावर घेऊन उतरणीला लागला.